गाळलेला नंबर

कसबा बावड्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की हवेला मळीचा वास येतो आणि दोरीवरच्या कपड्यांवर काळी, हलकी राख येऊन बसते. ती झटकायची नसते. झटकली की डाग उमटतो. जवळ जाऊन हळू फुंकर घालायची, मग ती आली तशी निघून जाते. मधुवंतीला हे तिच्या आईनं शिकवलं होतं. आई गेली, तिच्यामागून वडील गेले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सकाळी उठून फुंकर घालणारी ती एकटी उरली. दोरीवर कपडेही एकाच माणसाचे असत. राखेला बसायला फारशी जागाच नसे.

वय चाळिशीला टेकलेलं. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आधी आईचं दुखणं, मग वडिलांचं. नात्यातल्या बायका सुरुवातीला विचारायच्या, पुढं त्यांनीही विचारायचं सोडलं. काम मात्र होतं, आणि ते घरातच होतं. खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक, आणि त्यात गावोगावच्या दूध संस्थांचा कारभार. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, भाव काय बसला, हे सगळं ज्या स्क्रीनवर भरलं जातं त्या स्क्रीन सांभाळायचं काम तिचं होतं. ज्या कंपनीसाठी ती हे करायची तिचं ऑफिस पूर्वी शहरात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होतं. मालक राजवर्धन यांनी ते पुण्याला नेलं. बाकीचे सगळे गेले. मधुवंतीचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, म्हणून तिला घरून काम करायची सवलत मिळाली. वडील गेल्यावर ती सवलत कुणी काढून घेतली नाही आणि पुण्याला या असंही कुणी म्हटलं नाही.

असे कितीतरी दिवस जात की तिचा स्वतःचा आवाज तिच्या कानावर पडत नसे. पुण्याच्या पोरांशी बोलणं व्हायचं ते लिहून. दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवून जायचा. त्याचं तोंडही तिनं धड पाहिलेलं नव्हतं. जिल्ह्याचं दूध जिच्या हाताखालून वाहत होतं, तिच्या वाट्याला येणारं दूध हे असं मुक्यानं येत होतं.

या कामात एक दुखणं जुनं होतं. स्क्रीन चाळिसांच्या वर, आणि त्या वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या. प्रत्येकीला काही गोष्टी सारख्याच करायच्या असत. रिकामा रकाना ठेवून कुणी जतन करायला गेलं तर अडवायचं. काही पुसायच्या आधी विचारायचं. घाईत बटण दोनदा दाबलं तरी नोंद एकदाच घ्यायची. एवढं साधं, पण ते प्रत्येक स्क्रीनमध्ये पुन्हा पुन्हा उतरवून ठेवलेलं. एकाच घरात सात सुनांनी सात चुली मांडाव्यात आणि सातही चुलींवर तोच भात शिजत असावा, तसा प्रकार. वर्षं गेली तशी एकीचा भात मऊ झाला, एकीचा करपला. एका स्क्रीनवर पुसण्याआधी दोनदा विचारलं जाई, दुसरीवर विचारलंच जात नसे.

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत रचलेल्या ज्या सांगाड्यावर, ज्या चौकटीवर, हे सगळं उभं होतं ती आता जुनी झाली होती. नवी पोरं तिचं नावही काढत नव्हती. पण त्या चौकटीत एक चांगली सोय होती. अशी एखादी सवय एकदाच, वेगळी लिहून ठेवता येई. मग हव्या त्या स्क्रीननं तिचं फक्त नाव घ्यायचं. स्क्रीन उघडली की ती सवय तिच्याजवळ येऊन बसते, तिच्या बटणांकडे कान लावते, आपलं काम करते; स्क्रीन मिटली की तीही निमूट उठून जाते. कामात सगळे तिला बिहेवियर म्हणत. मधुवंती मनातल्या मनात वळण म्हणायची. तिचे वडील त्र्यंबकराव शाळामास्तर होते आणि उभा जन्म त्यांनी पोरांच्या अक्षराला वळण लावण्यात घालवला होता. पाटीवर खिळ्यानं रेघा कोरून ठेवायचे. त्याच रेघांत सगळा वर्ग लिहायला शिकला.

पावसाळा सरला तसं तिनं हे काम हातात घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. उलट राजवर्धननी एकदा सुचवलं होतं की पुण्यात नवं सॉफ्टवेअर तयार होतंय, येत्या पावसाळ्याच्या तोंडाला हे जुनं बंदच करायचंय, तेव्हा आता यात जीव घालण्यात अर्थ नाही. तिनं बरं म्हटलं आणि तरीही ती करत राहिली. एकेका स्क्रीनमधून ती सवय उचलायची, सातआठ ठिकाणचं एकत्र करून बघायचं, खरं काय ते ठेवायचं, आणि मागं नुसतं एक नाव सोडायचं. दिवाळीचा दिवा लावला आणि पुन्हा येऊन बसली. नीट लावलेल्या गोष्टींची सोबत होते माणसाला. संध्याकाळी उठताना तिला वाटे, आज आपण कुणाला तरी जेवू घातलं.

दूध संकलनाच्या स्क्रीनपाशी ती थोडी अडखळली. शून्य आकडा आला तर नोंद अडवायची, ही सवय सगळीकडे होती. या एका स्क्रीनवर मात्र कुणीतरी एक जास्तीची ओळ घालून शून्याला वाट दिली होती. का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. शून्य लिटर दूध कोण घालतं? तिनं मान वळवून शेजारी पाहिलं. ही जुनी खोड होती. ऑफिस शहरात होतं तेव्हा शेजारच्या खुर्चीत पद्मजा बसायची. काही अडलं की मान वळवायची आणि विचारायचं. आता शेजारी भिंत होती, आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. पद्मजा पुण्याला गेली, मग ती कंपनीही सोडून गेली. पहिल्या वर्षी फोन व्हायचे. मधुवंतीनं ती ओळ चूक समजून काढून टाकली. दूध संकलनाची स्क्रीनही बाकीच्या बहिणींसारखी सरळ झाली.

नवं रूप सगळ्या संस्थांकडे गेलं आणि कुठूनच काही तक्रार आली नाही. आपल्या कामाचा चांगलेपणा असाच असतो, कुणाच्या नजरेला येत नाही, असं ती मनाला समजावत होती, तेवढ्यात कोडोलीहून फोन आला.

कोडोली मोठं गाव. तिथल्या माळाकडच्या अंगाला एक छोटी दूध संस्था होती, सव्वाशेच्या आतबाहेर सभासद, आणि तिचा सेक्रेटरी बाळासो. हा गडी फोनवरही असा बोलायचा की जणू दोन शेतं पलीकडच्या माणसाला हाक मारतोय. पण त्या सकाळी त्याचा आवाज खाली होता.

"म्याडम, मशिन शून्य घेत न्हाय," तो म्हणाला.

मधुवंतीला बरं वाटलं, कारण वळण आपलं काम करत होतं. तिनं शांतपणे सांगितलं की ते मुद्दामच आहे, चुकून शून्य पडलं तर हिशेब बिघडतो, दूध नसेल त्याची नोंद करायचीच नाही.

पलीकडे किटल्यांची खडखड चालली होती. मग बाळासोनं तिला त्यांच्या संस्थेची रीत सांगितली.

इतर गावांत जो आधी येईल त्याचं दूध आधी. या संस्थेत तसं नव्हतं. इथं नंबराप्रमाणे पुकारा व्हायचा. पूर्वी सेक्रेटरी तोंडानं पुकारायचा, आता यंत्राला लावलेला कर्णा पुकारतो. नंबर आला की सभासदानं "हाय", म्हणजे मी आहे, असं म्हणायचं आणि किटली पुढं करायची. म्हैस आटलेली असो, नाहीतर नुकती व्याली म्हणून चीक शेजारीपाजारी वाटला असो, घरातलं कुणीतरी येऊन उभं राहतं, "हाय" म्हणतं आणि शून्याची पावती घेऊन जातं. नंबर गाळत नाहीत. नंबर गळतो तो एकाच कारणानं, त्या घरात माणूस गेलं म्हणजे. ज्या दिवशी एखादा आकडा न पुकारता यंत्र पुढं जातं, त्या दिवशी सगळी रांग बोलायची थांबते आणि बाप्ये डोक्यावरच्या टोप्या काढतात.

एकशे बारा नंबर चिमणाबाईचा. म्हणजे तिच्या मालकाचा, गणपतरावांचा. ते गेले तेव्हा सुतक सरेपर्यंत गळला, मग तिच्या नावावर झाला. पोटी मूलबाळ नाही. गुडघे गेले तशी म्हैस विकली. पण किटली घेऊन यायचं तिनं सोडलं नाही. रोज सकाळी किटली घासून रांगेत ठेवते, भिंतीला टेकून बसते, आल्यागेल्याची खबर घेते. पोरं चेष्टा करतात, आज्जी आज फॅट किती लागली म्हणतात. ती म्हणते, तुझ्या म्हशीपरास बरी, माझ्यात पाणी न्हाय. पुकारा झाला की "हाय" म्हणते, शून्याची पावती पदराच्या टोकाला बांधते आणि घरी जाते. दोन वर्षं हेच चाललं होतं. यासाठी शून्य चालेल असं करून दिलं होतं ते पद्मजा मॅडमनी. मशिन बसवायला आल्या होत्या तेव्हा त्या दिवसभर चिमणाबाईशेजारीच बसून होत्या.

"आन मग काय झालं?" मधुवंतीनं विचारलं. तिच्याही नकळत तिच्या तोंडी त्याची बोली आली.

काल सगळ्यांचं दूध होतं, शून्य एकटीचंच. शून्य असलं की ते आधी भरायचं, मग कर्णा पुकारायचा; यंत्रानं ते घेतलं नाही, म्हणून पुकाराही झाला नाही. लाल झालं आणि अडून बसलं. मागं रांग, टेम्पोची वेळ झालेली. बाळासोला वाटलं, पुढं तरी जाऊ दे, मग बघू. त्यानं पुढचं बटण दाबलं. कर्णा म्हणाला, सभासद क्रमांक एकशे तेरा.

रांग गप्प झाली. एकदोघांचे हात सवयीनं टोपीकडे गेले. आणि ज्या बाईसाठी गेले ती तिथंच भिंतीला टेकून बसलेली होती, सगळ्यांकडे बघत.

चिमणाबाईनं भिंतीला हात टेकला. उठली, किटली उचलली आणि चालायला लागली. बाळासो बाहेर धावला, तोंडानं एकशे बारा, एकशे बारा असं पुकारत तिच्यामागं गेला. तेव्हा ती वळली.

"फॅट कमी लागली म्हणून मान्सं भांडत्यात, तवा तूच सांगतोस न्हवं का, मशिन खोटं बोलत न्हाय म्हणून?" ती म्हणाली. "मग आता बी बोलत नसंल की."

आज ती आलेली नव्हती. बाळासो घरी जाऊन आला. तिनं दार उघडलं नाही. कुणीतरी सुचवलं, अर्धा लिटर दुसऱ्याचं दूध तिच्या नावावर दाखव, म्हणजे पुकारा तरी होईल. ते त्यानं आणि चार सभासदांनी मिळून मोडून काढलं. जे दूध तिनं घातलं नाही ते तिच्या नावावर लिहिलं असं तिला कळलं असतं, तर तिनं पुन्हा संस्थेच्या पायरीला पाय लावला नसता.

"म्हातारी जेवती का न्हाय ठावं न्हाय," बाळासो म्हणाला. "तेवढं शून्य घ्या की वो म्याडम."

फोन ठेवल्यावर मधुवंतीनं दूध संकलनाची स्क्रीन पुन्हा उघडली. चार महिने मन लावून केलेलं काम तिच्यासमोर उघडं होतं, आणि त्या कामानं एका जिवंत बाईला सुतकात टाकलं होतं. पहिल्यांदा तिला वाटलं, जुनीच ओळ परत घालू. पण मग ते वळण एकाच घराचं होऊन बसणार. उद्या दुसरी संस्था काही वेगळं मागेल, परवा तिसरी, आणि पुन्हा सात चुली.

तिला वडिलांच्या वर्गातली एक मुलगी आठवली. डावखुरी होती. उजव्या हातांसाठी कोरलेल्या रेघांत तिचं अक्षर उलटं पडायचं. दुसऱ्या मास्तरांनी तिच्या हातावर पट्टी मारली असती. त्र्यंबकरावांनी तिच्यासाठी नव्या रेघाही कोरल्या नाहीत. तीच पाटी घेतली, तिच्यासमोर थोडी तिरकी ठेवली, आणि म्हणाले, आता लिही.

चौकटीत ती सोयही पहिल्यापासून होतीच. स्क्रीननं वळणाचं नाव घेताना जोडीला आपलं एखादं म्हणणंही सांगायचं. वळण ते ऐकून घेतं आणि तेवढ्यापुरतं तसं वागतं. घर कुणाचं हे वळणाला ठाऊक असायची गरज नसते. घरानं सांगायचं असतं. मधुवंतीनं ही सोय दहा ठिकाणी वापरली होती, पण शब्द बदलायला, रंग बदलायला. कुठल्या घराचं काय म्हणणं आहे हे मात्र तिनं एकाही घराला विचारलं नव्हतं. विचारायला आवाज लागतो, आणि तो वापरायची तिची सवयच मोडली होती.

चहाला आधण यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात दुरुस्ती झाली. शून्य चालेल, एवढं एक म्हणणं दूध संकलनाच्या स्क्रीननं सांगायचं. तिनं जुन्या नोंदी उघडून बघितल्या. काढून टाकलेली ती ओळ खरंच पद्मजाच्या नावावर होती. का घातली ते तिनं लिहिलं नव्हतं. तेव्हा लिहायची गरज नसेल. शेजारच्या खुर्चीत विचारायला माणूस होतं. मधुवंतीनं त्या नव्या ओळीशेजारी मराठीत लिहून ठेवलं: कोडोलीत नंबर गाळत नाहीत.

मग तिनं राजवर्धनना फोन लावला, कारण नवं रूप महिन्यातून एकदाच जायचं आणि मध्येच काही पाठवायचं तर त्यांची परवानगी लागायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. एका म्हातारीच्या शून्यासाठी सगळ्या संस्थांना नवं रूप पाठवायचं का, असं त्यांनी विचारलं. मधुवंती म्हणाली की चूक तिची आहे आणि ती आजच निस्तरायची आहे. ते थोडे हसले. पाठवा म्हणाले, तसंही पावसाळा लागल्यावर हे कुणी बघणार नाही, तुम्ही आहात तोवर तुमचंच आहे ते. तिनं फोन ठेवला तेव्हा ते वाक्य खोलीत तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी कोडोलीत यंत्र शून्य घ्यायला तयार होतं, पण शून्य आणणारं माणूसच आलं नाही. एकशे अकरा झालं, बाळासो वाट बघत थांबला, मागचे लोक थांबले, मग नाइलाजानं त्यानं पुढचं बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी तेच. त्यानं कळवलं की निरोप घेऊन गेलेल्या बायकांना चिमणाबाई दाराआडूनच सांगते, गळलेला नंबर परत लागत नसतोय.

मधुवंतीनं स्कूटर काढली. कितीतरी दिवसांत ती बावड्याबाहेर गेली नव्हती. शियेचा पूल ओलांडला, हायवेला लागली, वाठारला डावीकडे वळली. उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना वरून पडलेली पाचटं तिच्या अंगावर येत होती. बाळासो संस्थेच्या दारात उभा होता. तिला बघून त्यानं आधी तिच्या मागं पाहिलं, अजून कुणी आलंय का म्हणून.

"एकट्याच आलाय व्हय?"

"हो."

त्यानं घर दाखवलं आणि तो मागंच थांबला. म्हणाला, माझं तोंड बघून ती अजून चिडती.

घर एकखणी, बाजूला गोठा. गोठा रिकामा पण झाडलेला. दावण स्वच्छ, गव्हाणीत एक काडी नाही. खुंटीवर किटली उपडी टांगलेली. मधुवंतीनं कडी वाजवली. आतून कोण म्हणून आवाज आला. ती काय सांगणार होती? तिनं जे खरं होतं तेच सांगितलं.

"आजी, तुमचा नंबर मी गाळला."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग दार उघडलं. बारीक, काटक बाई, कपाळावर गोंदण, डोळ्यांत राग असा नव्हे, पण कुणी आपल्याला फसवू नये एवढी धार. तिनं मधुवंतीला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"मशिनच्या आत बसणारी बाई तू व्हय? ये. दूध न्हाय घरात. कोरा चालतो का?"

चालतो म्हणून मधुवंती उंबऱ्याशी बसली. चूल पेटली, गुळाचा कोरा चहा झाला. मधुवंतीनं सगळं सांगितलं. सगळ्या स्क्रीनना एकच वळण लावायला गेले, शून्य म्हणजे काही नाही असं धरून चालले, ते कुणाचं तरी असेल हे ध्यानात आलं नाही. ती सांगत होती आणि तिचाच आवाज तिला परका वाटत होता, बरेच दिवस बंद ठेवलेल्या पंपाच्या पाण्यासारखा, आधी तुटक, गढूळ, मग हळूहळू एकधार. सांगून झाल्यावर चिमणाबाईनं विचारलं, तुला का न्हाई कुणी सांगितलं? मधुवंती म्हणाली, जिनं केलं होतं ती निघून गेली, आणि मी विचारलं नाही.

"घरात कोण कोण असतंय तुझ्या?"

"कोणी नाही. मीच."

चिमणाबाईनं आपल्या कपातला चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. हळू, जवळ जाऊन. मधुवंती त्या फुंकरीकडे बघत राहिली.

"मग तुझा नंबर कोण पुकारतंय?" म्हातारीनं विचारलं.

प्रश्न साधाच होता, संस्थेच्या रांगेतल्या माणसानं दुसऱ्या रांगेतल्या माणसाला विचारावा तसा. मधुवंतीनं हातातला कप उंबऱ्यावर ठेवला. चिमणाबाईनं उत्तर मागितलं नाही. ती स्वतःबद्दल बोलायला लागली. मालक होते तेव्हा पहाटे तेच पुढं जायचे, ती मागून. पुकारा झाला की ते "हाय" म्हणायचे, आणि तिला गोठ्यात ऐकू यायचं, एवढा आवाज त्यांचा. ते गेल्यावर पहिल्यांदा तिनं "हाय" म्हटलं तेव्हा रांगेत कुणाला ऐकूच आलं नाही. बाळासोनं दुसऱ्यांदा पुकारलं. मग मोठ्यानं म्हणाली. त्या दिवसापासून रोज म्हणते, दूध असो नसो. दिवसभरात दुसरं काय बोलायचं असतंय? मग त्या दिवशी सगळ्यांच्या समोर नंबर गळला तेव्हा वाटलं, खरंच आपण गेलोय आणि आपल्यालाच ठावं न्हाय.

मधुवंती म्हणाली, उद्या या आजी. शून्य घेतं आता ते.

चिमणाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. कप उचलले. बघू की गुडघं काय म्हणत्यात, एवढंच बोलली. निघताना मधुवंतीनं खुंटीवरच्या किटलीकडे पाहिलं. ती उपडीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बावड्यात धुकं होतं. कारखान्याचा भोंगा वाजून गेला. मधुवंती दोरीवरची राख न उडवताच आत आली आणि टेबलाशी बसली. संस्थेत नोंद पडली की ती इथं तिच्या स्क्रीनवर उमटायची. आजवर तिनं ती गंमत म्हणूनही बघितली नव्हती. कोडोली उघडलं. आकडे एकाखाली एक येत होते. कुणाचं चार लिटर, कुणाचं दहा. तिला फक्त आकडे दिसत होते, पण आता त्या आकड्यांमागं भिंत होती, पायरी होती, किटल्यांची रांग होती, बाळासोचा दांडगा आवाज होता.

एकशे दहा. एकशे अकरा.

मग आकडे थांबले.

पुढचा आकडा येईना. मधुवंतीनं चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. यंत्र अडलं असेल का? वळणात पुन्हा काही चुकलं? नाही. यंत्र अडलं की नोंद लाल होते, इथंही तशीच दिसते. हे नुसतं थांबलं होतं. एकशे तेराचा माणूस किटली धरून उभा असणार. त्याच्यामागचे सगळे उभे असणार. टेम्पोवाला भोंगा वाजवत असणार. आणि तरीही कुणी पुढचं बटण दाबत नव्हतं. सगळी रांग कुणाच्या तरी गुडघ्यांसाठी थांबली होती. काल आणि परवाही थांबली होती, पण इतका वेळ नव्हे.

खिडकीबाहेर धुक्यातून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरून गेला तरी स्क्रीन हलली नव्हती.

मग ओळ आली. एकशे बारा, चिमणाबाई, शून्य. लगेच तिच्याखाली एकशे तेरा, आणि मग आकडे भराभर धावायला लागले, सुटलेल्या पाण्यासारखे.

मधुवंती त्या एका ओळीकडे बघत राहिली, ती वर सरकत सरकत दिसेनाशी होईपर्यंत. पावसाळ्याला ही स्क्रीन बंद होईल. नवं जे येईल त्याला कुणी हे सांगेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. पुण्याच्या पोरांना फोन करून सांगावं लागेल, लिहून भागायचं नाही. आणि त्याआधी पद्मजाला. नंबर अजून तोच असला तर.

घरात कुणी नव्हतं. कुणी काही पुकारलं नव्हतं. तरी ती खुर्चीत थोडी सरळ झाली, घसा साफ केला, आणि रिकाम्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"हाय."

मग उठून ती दोरीकडे गेली. राख अजून तशीच होती.